चोवीस ग्रॅम छर्‍यांचे गणित : ट्रॅप नेमबाजीत काडतुसाची निवड कशी होते

चीनमधील हांगझू येथे १ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई क्रीडा स्पर्धेत पृथ्वीराज तोंडईमान, कायनन चेनाय आणि जोरावर सिंग संधू या भारतीय नेमबाजांनी पुरुषांच्या ट्रॅप प्रकारातील सांघिक सुवर्णपदक पटकावले. तिघांनी मिळून ३७५ पैकी ३६१ तबकड्या फोडल्या; म्हणजे तीन जणांच्या हातून मिळून केवळ चौदा तबकड्या सुटल्या. त्याच स्पर्धेत महिला संघाने रौप्यपदक मिळवले. या खेळात पदक आणि निराशा यांच्यातील अंतर बहुधा एका तबकडीचे असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जुलै २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकाचे यिरी लिप्ताक आणि डेव्हिड कोस्टेलेकी यांची अंतिम फेरीत ५० पैकी ४३ अशी बरोबरी झाली आणि सुवर्णपदकाचा निर्णय त्यानंतरच्या शूट-ऑफमध्ये ७-६ असा लागला. भारतीय ट्रॅप नेमबाजीचे आद्य नाव असलेले बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णी सिंग यांनाही १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत बरोबरीनंतरच्या शूट-ऑफमुळेच रौप्यपदकावर समाधान मानावे लागले होते.

एकेका तबकडीला एवढे मोल असल्यामुळे नेमबाजाच्या खिशातील काडतुसालाही मोल येते. बंदूक, दृष्टी आणि सराव यांची चर्चा वृत्तपत्रांतून होते, काडतुसाची क्वचितच. नेमबाज मात्र आपल्या बोलीत ज्याला ‘लोड’ म्हणतात त्या काडतुसातील भाराबद्दल, म्हणजे छर्‍यांचे वजन, त्यांचा आकार आणि वेग यांच्या मेळाबद्दल, तासन्‌तास वाद घालतात. या वादाचा बराचसा भाग सवयीचा व श्रद्धेचा असतो; थोडा भाग मात्र निखळ गणिताचा आहे.

तबकडी आणि अंतर

ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये नेमबाजांसमोर जमिनीच्या पातळीखाली एक लांब खंदक असतो. त्यात तबकड्या फेकणारी पंधरा यंत्रे तीन-तीनच्या पाच गटांत मांडलेली असतात. नेमबाज खंदकाच्या पुढच्या कडेपासून १५ मीटर मागे, पाचपैकी एका जागेवर उभा राहतो. त्याने आवाज देताच समोरच्या तीनपैकी कोणत्याही एका यंत्रातून तबकडी बाहेर पडते. ती डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत वळलेली असू शकते, जमिनीलगत जाऊ शकते किंवा झपाट्याने वर चढू शकते. अडवली नाही तर ती सुमारे ७६ मीटर दूर जाऊन पडते. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असते.

कसलेला नेमबाज पहिली गोळी झाडतो तेव्हा तबकडी त्याच्यापासून साधारण ३० ते ३५ मीटर दूर असते. पहिली गोळी चुकली तर दुसरी झाडण्याची मुभा प्राथमिक फेरीत असते आणि दोन्हींचे गुण सारखेच. पण दुसर्‍या गोळीच्या वेळेपर्यंत तबकडी चाळीस मीटरच्या आसपास पोहोचलेली असते. अंतिम फेरीत एका तबकडीसाठी एकच गोळी मिळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ग्रेट ब्रिटनच्या नेथन हेल्स यांनी अशाच एकेका गोळीने ५० पैकी ४८ तबकड्या फोडून सुवर्णपदक जिंकले होते.

आणखी एक नियम येथे ध्यानात ठेवायला हवा. तबकडीचा डोळ्यांना दिसेल असा तुकडा पडला तरच पंच ती फुटली असे मानतात. छर्रा लागून नुसती धूळ उडाली आणि तबकडी अखंड पुढे गेली, तर ती हुकलेली ठरते. काडतुसाच्या निवडीतील निम्मी चिंता या नियमातून जन्मते.

नियमाची चौकट

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या, म्हणजेच आयएसएसएफच्या नियमांनुसार ट्रॅपसाठी बारा बोअरहून मोठी बंदूक चालत नाही. काडतुसातील छर्‍यांचे वजन कमाल २४.५ ग्रॅम आणि छर्‍याचा व्यास कमाल २.६ मिलिमीटर असावा लागतो. झाडल्यानंतर मोकळ्या झालेल्या काडतुसाची लांबी ७० मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. स्पर्धेच्या वेळी काडतुसांचे नमुने घेऊन तपासण्याचा अधिकार पंचांना असतो. एकेकाळी ३२ ग्रॅम छर्‍यांची मुभा होती. ती मर्यादा पुढे २८ ग्रॅमवर आणि अखेर २४ ग्रॅमवर आणली गेली. अर्धा ग्रॅम उत्पादनातील कमीअधिकपणासाठी सोडलेला आहे.

अमेरिकेत लोकप्रिय असलेला ट्रॅपचा प्रकार याहून वेगळा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथे तबकडी कमी वेगाने आणि कमी कोनात जाते, एका तबकडीवर एकच गोळी असते आणि सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमपर्यंत छर्रे चालतात. अमेरिकी नियतकालिकांतील सल्ला वाचून काडतुसे निवडणारा भारतीय नवखा नेमबाज त्यामुळे हमखास गोंधळतो. त्या सल्ल्यातील वजन त्याच्या स्पर्धेत चालणारच नसते.

संख्या की जोर?

वजन चोवीस ग्रॅमवर बांधले गेल्यावर नेमबाजाच्या हाती खरा निर्णय एकच उरतो, तो म्हणजे तेवढ्या वजनात थोडे मोठे छर्रे भरायचे की जास्त संख्येने लहान. २.४ मिलिमीटर व्यासाचे छर्रे घेतले तर चोवीस ग्रॅममध्ये ते सुमारे तीनशे बसतात. २.३ मिलिमीटरचे घेतले तर सुमारे ३४५. दोन मिलिमीटरचे घेतले तर संख्या पाचशेच्या घरात जाते.

पाचशे छर्रे केव्हाही बरे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण छर्‍याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २.४ मिलिमीटरचा छर्रा २.३ मिलिमीटरच्या छर्‍यापेक्षा व्यासात किंचितच मोठा दिसतो, परंतु वजनाने तो सुमारे १४ टक्के जड असतो. दोन मिलिमीटरच्या छर्‍यापेक्षा तर तो जवळजवळ पावणेदोन पट जड भरतो. शिवाय हलका छर्रा हवेच्या विरोधामुळे लवकर मंदावतो. बंदुकीच्या तोंडाशी सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघालेला २.४ मिलिमीटरचा छर्राही ३५ मीटरवर पोहोचेपर्यंत जवळजवळ निम्मा वेग गमावून बसतो. त्याहून लहान छर्‍याची अवस्था आणखी बिकट होते. अशा मरगळलेल्या छर्‍याने तबकडीची धूळ उडते, तुकडा पडेलच याची खात्री राहत नाही.

दुसर्‍या बाजूने पाहिले तर छर्रे फार मोठे घेतल्यास त्यांच्या जाळीत भोके पडतात. येथे एक ढोबळ हिशेब उद्बोधक ठरतो. नळीच्या तोंडाशी सर्वांत आवळ चोक, म्हणजे ‘फुल चोक’, असलेली बंदूक साडेछत्तीस मीटरवर सुमारे ७० टक्के छर्रे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात टाकते, असे मानले जाते. तीनशेपैकी २१० छर्रे त्या वर्तुळात पडले असे धरू. तबकडी कडेने दिसत असेल तर तिचे लक्ष्य म्हणून उपलब्ध क्षेत्र पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या आसपासच असते. वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर तबकडीच्या वाट्याला सरासरी सव्वा छर्रा येतो! वर्तुळाच्या मध्यभागी छर्रे दाट असतात आणि तबकडी अगदी कडेनेच दिसते असे नाही, म्हणून प्रत्यक्षात परिस्थिती याहून बरी असते. तरीही नेम वर्तुळाच्या काठावर गेला, तर अचूक रोखलेल्या बंदुकीतूनही तबकडी दोन छर्‍यांच्या मधून निसटू शकते, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

या दोन टोकांमधून बहुसंख्य नेमबाज २.४ मिलिमीटरवर येऊन थांबतात. अमेरिकी व इटालियन मोजणीत यालाच साडेसात नंबर म्हणतात. काही जण पहिल्या गोळीसाठी २.३ मिलिमीटर आणि दूर गेलेल्या तबकडीवरील दुसर्‍या गोळीसाठी २.४ मिलिमीटर वापरतात. पहिली गोळी जवळून सुटते म्हणून तेथे संख्येचा लाभ घ्यायचा आणि दुसरीच्या वेळी जोर राखायचा, असा त्यामागचा विचार आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र घाईत दोन जातीची काडतुसे दोन नळ्यांत उलटसुलट जाण्याचा धोका त्यात आहे, आणि स्पर्धेत तेवढाही विचार डोक्यात नको असे म्हणणारे नेमबाज कमी नाहीत.

नंबरांविषयी एक इशारा आवश्यक आहे. छर्‍यांचे नंबर जगभर सारखे नाहीत. अमेरिकेत साडेसात नंबर म्हणजे २.४ मिलिमीटर, इंग्लंडच्या मोजणीत २.४ मिलिमीटरच्या छर्‍याला सात नंबर म्हणतात. म्हणून खोक्यावरील नंबर न वाचता त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मिलिमीटर वाचावेत.

वेगाचा मोह

छर्‍यांच्या आकारानंतर ग्राहकाचे लक्ष जाते ते वेगाकडे. चोवीस ग्रॅमची स्पर्धेची काडतुसे सेकंदाला साधारण ३९० ते ४२० मीटर वेगाची असतात आणि खोक्यावर हा आकडा ठळक छापण्याकडे उत्पादकांचा कल असतो. वेग जास्त म्हणजे तबकडीपुढे धरावे लागणारे अंतर कमी, हे तत्त्वतः खरे आहे. पण किती कमी? चारशेऐवजी ४२० मीटर वेगाचे काडतूस घेतले तर ३५ मीटरचे अंतर कापण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा इतकाच घटतो. कारण जास्त वेगाने निघालेला छर्रा हवेत मंदावतोही जास्त वेगाने. तेवढ्या वेळात तिरकी जाणारी तबकडी फार तर सात-आठ सेंटिमीटर सरकते. पाऊण मीटर रुंदीच्या छर्‍यांच्या वर्तुळापुढे हा फरक नगण्य नसला, तरी त्यावर स्पर्धा जिंकली जाते असे म्हणणे धाडसाचे होईल.

वेगाची किंमत मात्र खांद्याला मोजावी लागते. प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात. प्रत्येकीवर दोन गोळ्या झाडाव्या लागल्या तर काडतुसांची संख्या अडीचशेपर्यंत जाऊ शकते. सरावाच्या दिवसांत तर असे महिनोन्‌महिने चालते. बंदुकीचा मागे बसणारा धक्का छर्‍यांचे वजन आणि वेग या दोहोंवर अवलंबून असतो, आणि धक्क्यातील ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे त्याच वेगाचे २८ ग्रॅमचे काडतूस २४ ग्रॅमच्या काडतुसापेक्षा खांद्याला सुमारे तीस टक्के अधिक ऊर्जेने हाणते. वजन तेच ठेवून वेग वाढवला तरी हाच न्याय लागू होतो. धक्क्याने नळी जास्त उसळली की दुसर्‍या गोळीसाठी नेम परत जुळवायला वेळ लागतो. त्याहून वाईट परिणाम कालांतराने दिसतो. नेमबाज नकळत धक्क्याच्या अपेक्षेने डोळा मिटू लागतो किंवा घोडा ओढताना अडखळतो. ही सवय एकदा जडली की घालवण्यास वर्षे लागतात. किशोरवयीन आणि हलक्या बांध्याच्या नेमबाजांना सरावासाठी कमी वेगाची काडतुसे देण्याचे कारण हेच होय.

वेग किती आहे यापेक्षा तो प्रत्येक काडतुसात सारखा आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दिल्लीच्या तुघलकाबाद येथील डॉ. कर्णी सिंग रेंजवर, जी १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी उभारण्यात आली, नेमबाज जानेवारीच्या बोचर्‍या थंडीत आणि मे महिन्याच्या लाहीतही सराव करतात. काडतुसातील दारूच्या जळण्यावर तापमानाचा परिणाम होतो, थंड हवा दाट असल्याने छर्रे किंचित लवकर मंदावतात. चांगल्या काडतुसात हा फरक जाणवण्याइतका नसतो. उन्हात तापलेल्या मोटारीत खोके तासभर ठेवून मग तक्रार करणार्‍याला मात्र कोणताही उत्पादक मदत करू शकणार नाही.

छर्‍याचा कठीणपणा आणि वॅड

खोक्यावर सहसा ठळकपणे न छापलेली, पण स्वस्त आणि महाग काडतुसांत खरा भेद करणारी बाब म्हणजे छर्‍यांचा कठीणपणा. शुद्ध शिसे मऊ असते. दारू पेटताच मागून येणार्‍या दाबाखाली मऊ छर्रे एकमेकांवर आदळून चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत सरळ जात नाही. तो वर्तुळाबाहेर भरकटतो. तीनशेपैकी असे तीस-चाळीस छर्रे भरकटले तर वर मांडलेला सव्वा छर्‍याचा हिशेब आणखी तोकडा पडतो. म्हणून स्पर्धेच्या काडतुसांत शिशामध्ये काही टक्के अँटिमनी मिसळून ते कठीण केलेले असते. काही महागड्या काडतुसांत छर्‍यांवर निकेलचा मुलामाही असतो. दारू आणि छर्रे यांच्या मध्ये असलेली प्लॅस्टिकची वाटी, जिला ‘वॅड’ म्हणतात, छर्‍यांना नळीच्या पोलादावर घासू देत नाही व सुरुवातीचा दाबही काहीसा शोषून घेते.

पैशांची बचत करायची असेल तर ती सरावाच्या पहिल्या गोळीत करावी, असे अनुभवी प्रशिक्षक सुचवतात. जवळच्या तबकडीला मऊ छर्रेही पुरतात; चाळीस मीटरवर ते उघडे पडतात.

कागदावरची परीक्षा

कोणते काडतूस आपल्या बंदुकीला मानवते, हे खोक्यावरून कळत नाही. एकाच कारखान्यातील दोन बंदुका एकाच काडतुसाने वेगवेगळे वर्तुळ टाकतात. त्यासाठी जुना आणि खात्रीचा उपाय आहे. मीटर-सव्वा मीटर रुंद कागद उभा करावा, ३५ मीटरवरून त्याच्या मध्यावर एक गोळी झाडावी, छर्‍यांच्या दाट भागाभोवती ७५ सेंटिमीटरचे वर्तुळ काढावे आणि आतील छिद्रे मोजावीत. त्यानंतर नवा कागद लावून तेच पुन्हा करावे. एका कागदावरून निष्कर्ष काढणे ही येथील सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. छर्रे पडण्यात योगायोगाचा वाटा मोठा असल्याने एकाच खोक्यातील लागोपाठची दोन काडतुसेही वीस-पंचवीस छर्‍यांचा फरक दाखवतात. किमान पाच, शक्य तर दहा कागदांची सरासरी घ्यावी. छिद्रांच्या एकूण संख्येइतकेच वर्तुळात तबकडीएवढ्या मोकळ्या जागा किती राहतात, हेही पाहावे.

या परीक्षेतून बहुधा असे आढळते की काडतूस बदलण्यापेक्षा चोक बदलण्याने वर्तुळात अधिक फरक पडतो. ट्रॅपच्या बंदुकीत वर-खाली दोन नळ्या असतात. पहिल्या गोळीच्या नळीला थोडा मोकळा चोक आणि दुसरीला आवळ चोक ठेवण्याची पद्धत रूढ आहे. एवढा कंटाळवाणा उद्योग फार थोडे नेमबाज करतात, हेही नमूद करायला हवे.

भारतातील परिस्थिती

भारतात निवडीचा प्रश्न पुष्कळदा उपलब्धतेपाशीच अडतो. बारा बोअरची देशी काडतुसे म्हटली की पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील ‘शक्तिमान’ हे नाव परवानाधारकांना आठवते. शेतीच्या राखणीपासून बँकेच्या पहारेकर्‍यापर्यंत त्याचा वापर झाला. आंतरराष्ट्रीय ट्रॅपच्या चोवीस ग्रॅमच्या चौकटीतील काडतुसे मात्र प्रामुख्याने परदेशातून येतात. इटलीतील फिओकी, आरसी, बास्किएरी अँड पेल्लाग्री ही नावे येथील नेमबाजांना परिचित आहेत. शस्त्र कायद्याखालील परवान्यावर काडतुसांची संख्या नोंदलेली असते, आयातीला वेळ लागतो. त्यामुळे नेमबाजाला वर्षाचा अंदाज आधीच बांधावा लागतो. शक्य झाल्यास एकाच उत्पादन-खेपेतील काडतुसे स्पर्धेसाठी राखून ठेवणे इष्ट, कारण खेप बदलली की दारूची जात वा प्रमाण किंचित बदललेले असू शकते.

घरात वडिलोपार्जित दुनळी असलेल्यांसाठी सुरक्षिततेच्या दोन बाबी सांगणे अगत्याचे आहे. जुन्या बंदुकांपैकी अनेकींचे काडतूस बसण्याचे घर ६५ मिलिमीटर लांबीचे असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, पण झाडल्यावर त्याचे मिटलेले तोंड उघडण्यास जागा पुरत नाही आणि नळीतील दाब धोकादायक वाढू शकतो. नळीवरील खूण न वाचता किंवा जाणकार कारागिराला न दाखवता अशा बंदुकीत आजची काडतुसे वापरू नयेत. दुसरी बाब वीस बोअरच्या काडतुसाची. ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर आत सरकून अडकते. नळी रिकामी समजून मागून बारा बोअरचे काडतूस भरून झाडले तर नळी फुटते. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याचा प्रघात याच अपघातांतून पडला आहे.

शिशाचे काय होणार?

गेल्या काही वर्षांत या सार्‍या हिशेबावर एका नव्या प्रश्नाची छाया पडली आहे. शिसे विषारी आहे. पाणथळ जागी पडलेले छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. डेन्मार्कने १९९६ मध्येच शिशाच्या छर्‍यांवर बंदी घातली. युरोपीय महासंघात १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी व त्यांच्या लगतच्या परिसरात शिशाचे छर्रे झाडण्यास मनाई आहे.

शिशाला सर्वांत स्वस्त पर्याय पोलादी छर्‍यांचा आहे, आणि तेथे ट्रॅपचे नियम व पदार्थविज्ञान समोरासमोर येतात. पोलादाची घनता शिशाच्या मिश्रधातूच्या सुमारे सत्तर टक्के असल्याने त्याच आकाराचा पोलादी छर्रा तितकाच हलका असतो आणि लवकर मंदावतो. शिशाच्या २.४ मिलिमीटर छर्‍याइतके वजन हवे असेल तर पोलादी छर्रा सुमारे २.७ मिलिमीटरचा घ्यावा लागेल. आयएसएसएफची मर्यादा तर २.६ मिलिमीटरवरच संपते. त्या मर्यादेतील सर्वांत मोठा पोलादी छर्रा वजनाने शिशाच्या २.३ मिलिमीटर छर्‍याच्या तोडीचा भरतो, पण आकाराने मोठा असल्याने हवेचा विरोध त्याला अधिक होतो. शिवाय पोलाद दाबले जात नसल्यामुळे अतिशय आवळ चोकच्या नळीला त्यापासून इजा संभवते. त्यामुळे शिसे सोडावे लागले तर केवळ काडतुसे बदलून भागणार नाही. छर्‍याच्या व्यासाची मर्यादा, आवळ चोकच्या नळ्या आणि दूर गेलेल्या तबकडीवर दुसरी गोळी झाडण्याची सवय या तिन्हींचा त्या वेळी फेरविचार करावा लागेल.